'डीआर' आणि 'सीआर' : एका अक्षराचा हिशेब

उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला नुक्त्याची किंमत पहिलीतच कळते. अक्षराचा आकार तोच असतो. टिंब वर दिले तर 'खुदा' होते आणि खाली दिले तर 'जुदा' होते. आमच्या उस्तादांनी या एका टिंबासाठी आमच्या बोटांवर पट्टी मारली होती. इंग्रजीत अशी भानगड नसावी असा आमचा लहानपणी समज होता. शहागंजमधल्या वालिदांच्या कापड दुकानात गादीवर बसू लागलो आणि तो समज गेला.

इंग्रजी हिशेबात दोन छोटे शब्द आहेत. प्रत्येकात दोनच अक्षरे. एक 'डीआर' आणि दुसरा 'सीआर'. दुसरे अक्षर दोन्हींत सारखेच, फरक फक्त पहिल्यात. इंग्रजी 'डी'चे पोट बंद असते, 'सी'चे तोंड उघडे असते. पासबुकावरची शाई फिकी पडली की हा फरकही दिसेनासा होतो. पण बँकेचा उतारा, व्यापाऱ्याचा खाते उतारा, दुकानाची तेरीज, सीए साहेबांचा ताळेबंद आणि आता मोबाईलवर येणारा संदेश, या सगळ्यांचा अर्थ याच दोन शब्दांवर उभा आहे. आपल्यातले पुष्कळ व्यापारी आणि कारागीर रक्कम वाचतात आणि रकमेपुढचे दोन अक्षर सोडून देतात. हा लेख त्या दोन अक्षरांसाठी आहे.

शब्दांचा मूळ अर्थ

डीआर म्हणजे डेबिट आणि सीआर म्हणजे क्रेडिट. येथे एक शंका येते. डेबिट या शब्दात 'आर' हे अक्षर कोठेच नाही, मग डीआर कसे झाले? जाणकारांचे साधारण मत असे की हे शब्द 'डेटर' आणि 'क्रेडिटर' यांचे पहिले व शेवटचे अक्षर घेऊन बनले आहेत. डेटर म्हणजे ज्याच्याकडून येणे आहे तो, मराठी पुस्तकांतला 'ऋणको'. क्रेडिटर म्हणजे ज्याला देणे आहे तो, म्हणजे 'धनको'. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर अर्धे काम झाले.

दोन्ही शब्द लॅटिन भाषेतून आले. डेबिटच्या मुळाशी 'देणे लागणे' हा अर्थ आहे, तर क्रेडिटच्या मुळाशी 'विश्वास ठेवणे' हा आहे. ज्याने विश्वासाने आपल्याला माल दिला तो आपला क्रेडिटर. आपण विश्वासाने ज्याला माल दिला तो आपला डेटर.

आपल्या देशी हिशेबात यांनाच 'नावे' आणि 'जमा' म्हणतात. डीआर म्हणजे नावे, सीआर म्हणजे जमा. जमा हा शब्द अरबी, गोळा करणे या अर्थाचा. मराठी वहीतले हिशेब, रक्कम, बाकी, वसूल हे शब्दही अरबीतून आले आहेत आणि रोजकीर्दीतला 'रोज' फारसीतून. म्हणजे उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला मराठी खतावणी परकी वाटण्याचे कारण नाही. त्याला अडवतात ते हे दोन इंग्रजी शब्द.

दोन बाजूंनी हिशेब लिहिण्याची ही पद्धत इटलीच्या व्यापारी शहरांत वाढली. लुका पाचोली नावाच्या पाद्र्याने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. त्याने ती शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्यापूर्वी, १२०२ साली, पिसा शहराच्या लिओनार्दोने आपल्या पुस्तकातून इटलीच्या व्यापाऱ्यांना हिंदी-अरबी अंक समजावून दिले. ते अंक तो लहानपणी उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात शिकला होता. त्याचा बाप तेथे पिसाच्या व्यापाऱ्यांसाठी जकातीचे काम पाही. सांगण्याचा हेतू एवढाच की हिशेबाची विद्या कोणा एका कौमेची किंवा एका भाषेची नाही. ती बाजाराची विद्या आहे आणि बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाने ती शिकली पाहिजे.

आमची चूक

१९९४ सालची गोष्ट. रमजान तोंडावर आला होता. वालिद साहेबांची तब्येत बरी नसल्याने दुकान आमच्याकडे होते. त्यांची स्वतःची वही उर्दूत असे. पण विक्रीकराच्या कामासाठी एक मुनीम आठवड्यातून दोनदा येऊन इंग्रजी पद्धतीने खाती लिहीत. रमजानपूर्वी त्यांनी सर्व खात्यांच्या बाक्यांची यादी, म्हणजे तेरीज, आमच्या हाती दिली.

त्या यादीत भिवंडीच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या नावापुढे २३,४०० सीआर असे लिहिलेले होते. आम्हांला इंग्रजी हिशेबाचा परिचय तोवर फक्त बँकेच्या पासबुकातून झालेला. पासबुकात सीआर म्हणजे आपले पैसे, एवढे आम्ही जाणत होतो. तोच अर्थ आम्ही येथे लावला. भिवंडीवाल्याकडे आपले २३,४०० रुपये पडून आहेत आणि त्याने ते दाबून ठेवले आहेत, असे आम्हांला वाटले. विचारायला मुनीम त्या दिवशी नव्हते. वालिदांना त्रास नको म्हणून त्यांनाही विचारले नाही. आम्ही सरळ पत्र लिहिले : आमची रक्कम पुढच्या बिलात वळती करा, नाही तर व्यवहार बंद.

त्या पत्राचे उत्तर आले नाही आणि मालही आला नाही. ईदची खरेदी सुरू झाली. पॉपलीन आणि अस्तराच्या कापडाचे आमचे फळे रिकामे राहिले. शेजारच्या दुकानांत गर्दी, आमच्याकडे गिऱ्हाईक विचारून परत जात होते. अखेर वालिदांना सांगावे लागले. त्यांनी यादी पाहिली, एक शब्द बोलले नाहीत. त्याच रात्री आम्हांला घेऊन नाशिकमार्गे भिवंडीच्या एसटीत बसले.

भिवंडीच्या त्या बुजुर्ग व्यापाऱ्यांनी आधी चहा मागवला. मग आपली खतावणी उघडून आमच्यापुढे ठेवली. वालिदांनी आमची यादी तिच्या शेजारी ठेवली. त्यांच्या वहीत आमच्या दुकानाच्या नावापुढे २३,४०० डीआर, आमच्या यादीत त्यांच्या नावापुढे २३,४०० सीआर. आम्ही म्हणालो, "चाचा, दोन्हींतले एक चुकीचे असणार." ते म्हणाले, "बेटा, दोन्ही बरोबर आहेत. ही माझी वही आहे, ती तुझी. माझी वही म्हणते की तुझ्याकडून मला येणे आहे. तुझी वही म्हणते की तुला मला देणे आहे. आता सांग, फरक कोठे आहे?"

फरक कोठेच नव्हता. पैसे आम्हीच देणे लागत होतो आणि वर आम्हीच धमकीचे पत्र लिहिले होते. वालिदांनी माफी मागितली, तेव्हा आम्हांला मान वर करवेना. माल मिळाला, पण ईदचा अर्धा बाजार गेला होता.

पहिला प्रश्न : वही कोणाची?

त्या दिवशी शिकलेला नियम आजही आमच्या गादीवर चालतो. डीआर किंवा सीआर वाचण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हा कागद कोणाच्या वहीतून आला आहे? वही ज्याची असेल, त्याच्या तोंडचे शब्द समजून वाचावे. माणसांच्या आणि पेढ्यांच्या खात्यात डीआर म्हणजे वहीचा मालक म्हणतो, "मला याच्याकडून येणे आहे." सीआर म्हणजे वहीचा मालक म्हणतो, "मला याला देणे आहे."

वरच्याच व्यवहाराची मांडणी पाहा. भिवंडीहून ४८,६०० रुपयांचा माल आला. त्यातले ३,२०० रुपयांचे कापड डागी निघाले, ते परत पाठवले. पुढे २२,००० रुपयांचा ड्राफ्ट पाठवला.

भिवंडीच्या वहीत आमचे खाते :
माल पाठवला, ४८,६०० डीआर
माल परत आला, ३,२०० सीआर
ड्राफ्ट मिळाला, २२,००० सीआर
बाकी २३,४०० डीआर

शहागंजच्या वहीत भिवंडीचे खाते :
माल आला, ४८,६०० सीआर
माल परत केला, ३,२०० डीआर
ड्राफ्ट पाठवला, २२,००० डीआर
बाकी २३,४०० सीआर

प्रत्येक ओळीत रक्कम तीच आहे आणि अक्षर उलटे आहे. आरशात पाहिल्यासारखे हे असते. दोन व्यापाऱ्यांच्या वह्या बरोबर असतील तर त्या अशाच उलट्या जुळल्या पाहिजेत. दोन्हींकडे डीआर किंवा दोन्हींकडे सीआर निघाले तर नक्की समजावे की कोणाची तरी चूक आहे.

डावी बाजू, उजवी बाजू

जुन्या माणसांचा आणखी एक गोंधळ होतो, तो बाजूंचा. इंग्रजी खतावणीत डीआर डावीकडे आणि सीआर उजवीकडे असते. आपल्या देशी नाम्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. म्हणजे नेमके उलट. आमच्या वालिदांची वही तर उर्दूत, उजवीकडून सुरू होणारी. तिच्यात पहिली बाजू उजवी, म्हणून जमा उजवीकडे. एका घरात तीन तऱ्हा. म्हणून बाजू पाहून अर्थ लावू नये, मथळा वाचावा.

रोकडीच्या वहीत ही गोष्ट अधिक गुंतागुंतीची वाटते. देशी कीर्दीत आलेला पैसा डावीकडे, जमेच्या बाजूला लिहितात. इंग्रजी कॅशबुकातही आलेला पैसा डावीकडेच लिहितात, पण त्या बाजूला डीआर म्हणतात. मग जमा म्हणजे डीआर झाले काय? नाही. देशी कीर्द पैसा ज्याने आणून दिला त्या माणसाचे नाव सांगते : अमुकचे जमा. इंग्रजी कॅशबुक हे गल्ल्याचेच खाते असते : गल्ल्यात पैसा आला, म्हणून गल्ल्याच्या नावे. व्यवहार एकच. देशी वही देणाऱ्याच्या बाजूने बोलते, इंग्रजी वही घेणाऱ्याच्या बाजूने.

यावरून तीन जुने नियम पाठ करावे. माणसांच्या खात्यात घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. वस्तूंच्या खात्यात येईल ते नावे, जाईल ते जमा. खर्च-उत्पन्नाच्या खात्यात खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा. म्हणून दुकानाच्या भाड्यापुढे डीआर दिसले तर घाबरू नये आणि दलाली मिळाली तेथे सीआर दिसले तर देणे समजू नये. 'डीआर वाईट आणि सीआर चांगले' हा समज अजिबात सोडून द्यावा. वह्या बिघडण्याचे ते मोठे कारण आहे.

बँकेचा कागद

पासबुक आपल्या खिशात असते, म्हणून ते आपली वही आहे असे वाटते. तसे नाही. ती बँकेच्या खतावणीतल्या आपल्या खात्याची नक्कल आहे. आपण दहा हजार भरले की बँक आपले दहा हजार देणे लागते, म्हणून ती सीआर लिहिते. आपल्या स्वतःच्या वहीत मात्र त्याच दहा हजारांसाठी बँकेच्या खात्यावर डीआर पडते, कारण बँकेकडून आपल्याला येणे आहे. टॅलीत बँकेची बाकी डीआर दिसली आणि पासबुकात सीआर दिसली, तर सर्व ठीक आहे.

सर्वांत मोठा फसवा शब्द 'कॅश क्रेडिट'. नावातच क्रेडिट आहे, म्हणून उताऱ्यावरची रक्कम आपली आहे असे वाटते. येथे क्रेडिट म्हणजे बँकेने दिलेली उधारीची सवलत. दोन लाखांची मर्यादा आहे आणि उताऱ्यावर १,८०,००० डीआर लिहिले आहे, याचा अर्थ आपण १,८०,००० उचलून बसलो आहोत. हाती उरले वीस हजार. तेही बँकेला दिलेल्या मालाच्या आणि उधारीच्या तपशिलावरून बसणाऱ्या मर्यादेत असतील तरच. हा उतारा उलटा वाचून कोणी दीड लाखाचा चेक फाडला तर तो परत येईल. चेक न वटण्याची गोष्ट आता केवळ अब्रूची राहिलेली नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास फौजदारी दावा होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका अक्षराची ही किंमत आहे.

मोबाईलवरच्या संदेशातही हेच दोन शब्द पूर्ण रूपात येतात. 'क्रेडिटेड' म्हणजे आपल्या खात्यात आले, 'डेबिटेड' म्हणजे आपल्या खात्यातून गेले. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक आपल्या मोबाईलवरचा संदेश दाखवून कापड घेऊन जाते. तो संदेश त्याच्या खात्याचा असतो, क्वचित बनावटही असतो. आपण आपल्याच खात्यात रक्कम आल्याची खात्री करावी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला तर समजावे की खाते डेबिट होणार आहे. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

डेबिट नोट आणि क्रेडिट नोट

कापडाच्या धंद्यात माल परत जाणे रोजचेच. थान कमी भरले, पन्हा कमी निघाला, रंग उतरला. अशा वेळी आपण भिवंडीला किंवा सुरतेला डेबिट नोट पाठवतो. तिचा अर्थ : आम्ही आमच्या वहीत एवढी रक्कम तुमच्या नावे टाकली आहे, तुमचे तेवढे देणे कमी केले आहे. समोरचा व्यापारी ते मान्य करतो तेव्हा आपल्याला क्रेडिट नोट पाठवतो. तिचा अर्थ : आम्ही आमच्या वहीत एवढी रक्कम तुमच्या जमा केली आहे. येथेही तोच आरसा. दोन कागद, एक व्यवहार.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि या कागदांना कायद्याचे वजन आले. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे माल परत आला, माल कमी दर्जाचा निघाला किंवा बिलात किंमत अथवा कर जास्त लागला, तर विकणाऱ्याने क्रेडिट नोट द्यायची. बिलात किंमत किंवा कर कमी लागला असेल तर विकणाऱ्यानेच डेबिट नोट द्यायची. म्हणजे या कलमाच्या दृष्टीने दोन्ही कागद विकणाऱ्याचे आहेत. आपण खरेदीदार म्हणून पाठवलेली डेबिट नोट आपसांतल्या हिशेबाला चालते, पण तेवढ्यावर विकणाऱ्याचा कर कमी होत नाही. त्यासाठी त्याची क्रेडिट नोट निघून त्याच्या विवरणात गेली पाहिजे. आणि ती निघाली की आपण घेतलेली कराची वजावटही तेवढी कमी करावी लागते.

यालाही मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षातला माल, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरले असेल तर तोपर्यंतच, क्रेडिट नोट विवरणात दाखवता येते. जानेवारी २०२५ मधला माल असेल तर ३० नोव्हेंबर २०२५ ही शेवटची तारीख होती. 'बघू पुढच्या खेपेला' म्हणून डागी माल कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

कारागीर बंधूंसाठी

या गोष्टी फक्त दुकानदारांच्या आहेत असे समजू नये. नवाबपुऱ्यात हिमरूचे माग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की विणकराचा आणि मालकाचा हिशेब उचलीवर चालतो. जरीकाम करणारे, शिलाई करणारे, रंगारी यांचेही तेच. उचल कारागिराच्या नावे पडते, मजुरी त्याच्या जमा होते, आणि आठवड्याच्या शेवटी कार्डावर एक बाकी लिहून त्याच्यापुढे सहीसाठी येते.

समजा, एका कारागिराने ६,००० रुपये उचल घेतली आणि ८,५०० रुपयांचे काम केले. मालकाच्या वहीत त्याची बाकी २,५०० सीआर हवी. म्हणजे मालकाने त्याला २,५०० द्यायचे आहेत. मुनिमाच्या हातून चुकून २,५०० डीआर लिहिले गेले, तर कार्ड म्हणेल की कारागिरानेच २,५०० द्यायचे आहेत. नुकसान अडीच हजारांचे नाही, पाच हजारांचे आहे. येणारे गेले आणि तेवढेच अंगावर आले.

यातूनच मुनिमांची एक जुनी युक्ती निघाली आहे. तेरीज जुळत नसेल तर फरकाची निम्मी रक्कम करावी आणि ती वहीत शोधावी. ४,८०० चा फरक असेल तर २,४०० ची नोंद शोधावी. ती चुकीच्या बाजूला बसलेली सापडण्याचा पुष्कळ संभव असतो. कारण चुकलेली बाजू रकमेला नेहमी दुप्पट करते.

कारागीर बंधूंनी कार्डावर सही करण्यापूर्वी मोठ्याने एवढेच विचारावे, "ही बाकी तुम्ही मला देणार की मी तुम्हांला?" उत्तर मिळेल ते मराठीत किंवा उर्दूत त्या आकड्याशेजारी लिहून घ्यावे. 'देणे' आणि 'येणे' हे शब्द कोणालाही समजतात. इमानदार मालकाला यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

लिहून ठेवण्याची जबाबदारी

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. त्यात एक बारकावा आहे. ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि लिहिणाऱ्याने लिहावा. म्हणजे कर्ज कबूल करणाऱ्याच्या तोंडूनच कर्जाचा आकडा कागदावर यावा. भिवंडीला त्या दिवशी दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा नेमके हेच घडले होते.

आज यासाठी सोपा उपाय आहे. दर वर्षी ३१ मार्चनंतर आपल्या प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याकडून खाते उतारा मागवावा आणि आपलाही पाठवावा. दोन्ही जुळले की बाकी कबूल असल्याची सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यावी आणि द्यावी. तिच्यात डीआर-सीआरवर न थांबता 'अमुकने तमुकला एवढे रुपये देणे आहे' असे स्पष्ट वाक्य लिहावे. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत नव्याने मोजली जाते. उधारी बुडण्याची भीती ज्यांना आहे त्यांना या चिठ्ठीचे मोल वेगळे सांगायला नको. आणि ज्याची देण्याची नियत आहे त्याला ती लिहून देताना संकोच होत नाही.

स्वाध्याय

खालील पाच ओळी स्वतः सोडवाव्या, मुलांकडूनही सोडवून घ्याव्या.

१. पासबुकाच्या शेवटी १२,५०० सीआर आहे. पैसे कोणाचे?
२. आपल्या टॅलीत त्याच बँकेपुढे १२,५०० डीआर आहे. चूक आहे काय?
३. सुरतेच्या व्यापाऱ्याने पाठवलेल्या उताऱ्यात आपल्या नावापुढे ९,००० सीआर आहे. कोणी कोणाला द्यायचे?
४. आपल्या वहीत एका शिंपी गिऱ्हाइकापुढे ३,४०० डीआर आहे. वसुलीला जायचे की पैसे पोचवायचे?
५. आपल्या वहीत दुकानभाड्यापुढे ६०,००० डीआर आहे. हे घरमालकाकडून येणे आहे काय?

उत्तरे : १. आपले, वही बँकेची आहे. २. नाही, वही आपली असल्याने अक्षर उलटे आले. ३. सुरतेच्या व्यापाऱ्याने आपल्याला, बहुधा आगाऊ रक्कम गेली असावी. ४. वसुलीला. ५. नाही, तो वर्षाचा खर्च आहे, आणि खर्च नेहमी नावे पडतो.

पाचही बरोबर आली असतील तर पुढच्या वेळी मुनिमाने तेरीज हाती दिल्यावर ती घडी करून खिशात ठेवू नये. प्रत्येक नावापुढचे अक्षर वाचावे. एखाद्या नावाशी मन अडले तर पत्र लिहिण्याची घाई करू नये. आधी मुनिमाला विचारावे, मग समोरच्या व्यापाऱ्याला फोन करावा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्या. आम्ही हे एका ईदच्या बाजाराची किंमत देऊन शिकलो. वाचक बंधूंना ते या लेखाच्या किमतीत मिळावे, एवढीच इच्छा.